काळा आजार आणि उपेंद्रनाथ ब्रह्मचारींचे संशोधन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगाल आणि आसाममधील गावेच्या गावे ज्या तापाने ओस पडली, त्या काळ्या आजाराचे कारण १९०३ साली उजेडात आले. डमडमच्या छावणीत राहून आलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लेशमन यांना आणि मद्रासमधील रुग्णांमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना सारखेच सूक्ष्म परजीवी दिसले होते. लेशमानिया डोनोव्हानी हे त्या परजीवीचे नाव या दोघांवरूनच पडले. त्याचा प्रसार वाळूमाशीच्या चाव्यातून होतो. याच गटातील माश्या मेंदूज्वर घडवणारा चांदीपुरा विषाणू पसरवतात, म्हणून विदर्भाला त्या अपरिचित नाहीत. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून नष्ट करणे हे ज्या भक्षक पेशींचे काम, त्यांच्याच आत हा परजीवी राहतो आणि वाढतो. त्यामुळे प्लीहा फुगत जाते, रक्त कमी होते, ताप महिनोन्‌महिने उतरत नाही आणि उपचार न मिळाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात.

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचा जन्म १८७३ साली बिहारमधील जमालपूरचा. त्यांनी रसायनशास्त्रात एम.ए. केले, मग वैद्यक शिकून एम.डी. मिळवली आणि १९०४ मध्ये रक्तपेशींच्या विघटनावरील प्रबंधासाठी पीएच.डी.ही संपादन केली. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया या दुहेरी शिक्षणात आहे, असे मला वाटते. कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये ते १९०५ पासून जवळजवळ अठरा वर्षे शिकवत होते आणि तिथल्या रुग्णालयात काळ्या आजाराचे रुग्ण त्यांच्या रोजच्या पाहण्यात होते.

१९१५ च्या सुमारास या आजारावर अँटिमनी या मूलद्रव्याचे एक क्षारयुक्त औषध शिरेतून देण्यास सुरुवात झाली. ते गुणकारी होते. परंतु इंजेक्शने दीर्घकाळ घ्यावी लागत, उलट्या होत आणि हृदयावरही परिणाम होई. आधीच खंगलेल्या रुग्णाला ते झेपत नसे. अँटिमनीचा परजीवीवरील प्रभाव टिकवून शरीराला होणारा अपाय कसा कमी करावा, हा प्रश्न ब्रह्मचारींनी हाती घेतला. आवर्तसारणीत अँटिमनीच्या लगेच वर आर्सेनिक येते, आणि आर्सेनिकची सेंद्रिय संयुगे जर्मनीत पॉल एर्लिक यांनी औषधे म्हणून यशस्वी केली होती. त्याच धर्तीवर अँटिमनीची संयुगे तयार करत जाऊन १९२० मध्ये ते युरिया स्टिबामाइनपर्यंत पोहोचले. ज्या खोलीत हे काम चाले ती लहानशी होती. तिथे गॅस, वीज किंवा पाण्याचा नळ नव्हता. दिवसभराच्या श्रमानंतर रात्री दहाच्या सुमारास धुरकट कंदिलाच्या उजेडात प्रयोग फळाला आल्याची आठवण त्यांनी पुढे स्वतःच आनंदाने सांगितली आहे.

या संयुगातील अँटिमनी पंचसंयुजी, म्हणजे पाच रासायनिक बंध जोडणाऱ्या रूपात, असल्याने शरीराला तुलनेने कमी घातक ठरते. पुढील काळातील अभ्यासांवरून असे दिसते की, शरीरात त्याचे त्रिसंयुजी, म्हणजे तीन बंधांचे, रूप तयार होते आणि तेच परजीवीला मारक ठरते. महिनोन्‌महिने चालणारा उपचार काही आठवड्यांवर आला आणि आसाममध्ये हे औषध मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. १९२९ मध्ये ब्रह्मचारींचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले, मात्र ते त्यांना मिळाले नाही.

औषध सापडल्यावरही त्यांनी बरे झालेल्या रुग्णांवरची नजर काढली नाही, आणि त्यांचे हे काम मला औषधाच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. ताप गेलेला, प्लीहा पूर्ववत झालेली, पण त्वचेवर फिकट चट्टे आणि गाठी उठलेल्या, असे काही रुग्ण त्यांना आढळले. त्या गाठींमध्ये तोच परजीवी जिवंत होता. १९२२ मध्ये त्यांनी या त्वचाविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

अशा माणसाला ताप नसतो, अशक्तपणा नसतो, त्यामुळे तो दवाखान्यात जात नाही; पण त्याला चावलेली वाळूमाशी परजीवी घेऊन दुसऱ्याकडे जाऊ शकते. २०२३ मध्ये काळ्या आजाराच्या निर्मूलनाची जागतिक आरोग्य संघटनेकडून मान्यता मिळवणारा बांगलादेश हा पहिला देश ठरला, आणि भारतातही रुग्णसंख्या खूप घटली आहे. आजार ओसरलेल्या या टप्प्यावर त्वचेवर चट्टे असलेले रुग्ण संसर्गाचा दडलेला साठा ठरतात. म्हणून बिहार-झारखंडच्या गावांत आरोग्य कर्मचारी पूर्वी बरे झालेल्यांच्या अंगावरही चट्टे शोधतात आणि निदान झालेल्यांना मिल्टेफोसिनच्या गोळ्या बारा आठवडे दिल्या जातात.