कॅमेऱ्याला एकच डोळा: फोटोतला फोटो आणि भिंतीत विरलेला माणूस

हातात धरलेला एक छापील फोटो. त्यात जुन्या वाड्याच्या दरवाजाची वरची कमान, आणि फोटोची कड संपते तिथून खाली खरा दरवाजा. सांधा शोधूनही सापडत नाही. दुसरं चित्र विटांच्या भिंतीचं. ती बघता बघता अचानक दोन डोळे दिसतात आणि कळतं, की भिंतीला पाठ लावून कुणीतरी उभं आहे आणि त्याच्या कपड्यांवर त्याच विटा रंगवल्या आहेत. फोटोग्राफी शिकणाऱ्यांना हे दोन्ही प्रकल्प भुरळ घालतात. दोन्ही फसतात तेव्हा बोट रंगाकडे दाखवलं जातं, पण दोष बहुधा दुसरीकडेच असतो: कॅमेरा जागचा हललेला असतो.

आपले दोन डोळे एकमेकांपासून सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास असतात. दोघांना दिसणाऱ्या चित्रांत जो बारीक फरक पडतो त्यावरून मेंदू खोली ओळखतो. शिवाय आपण मान हलवतो, आणि जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढून सरकताना दिसते. स्थिर फोटोत यातलं काहीच उरत नाही. लेन्सपासून निघालेल्या एका सरळ रेषेवर जे पहिलं आडवं येईल तेवढंच कॅमेऱ्याला दिसतं. तो ६० सेंटिमीटरवरचा कागद आहे की २० मीटरवरचा दगड, हे त्याला त्या रेषेवरून कळत नाही. म्हणून हे दोन्ही आभास अवकाशातल्या एकाच बिंदूवरून खरे ठरतात. लेन्समध्ये समोरून डोकावलं की ॲपर्चरचं, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक जिथे असल्यासारखं वाटतं, तो हा बिंदू. सगळी मेहनत तो बिंदू राखण्यासाठी घ्यायची.

राखायचा कसा? ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला ओळंबा लावा आणि तो टेकेल तिथे जमिनीवर खडूने फुली मारा. तिन्ही पायांभोवतीही खुणा करा. लेन्सच्या मध्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून वहीत लिहा. झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा, कारण झूम फिरवला की तो बिंदूही पुढेमागे सरकतो. ट्रायपॉडचं डोकं किंचित वळवलं तरी लेन्स बाजूला जाते, म्हणून एकदा चौकट ठरली की स्क्रू आवळायचे आणि पुन्हा हात लावायचा नाही.

आता हातातल्या फोटोकडे. याचं सगळं गणित समरूप त्रिकोणांचं, शाळेतलंच. समजा दरवाजा ६ मीटर उंच आहे, कॅमेऱ्यापासून २० मीटरवर आहे आणि प्रिंट लेन्सपासून ६० सेंटिमीटरवर धरायची आहे. मग कागदावर दरवाजाची पूर्ण उंची ६ × ०.६ ÷ २० म्हणजे १८ सेंटिमीटर हवी. थेट पक्की प्रिंट काढू नका. साध्या कागदावर १७, १८ आणि १९ सेंटिमीटरच्या तीन कच्च्या प्रती काढून जागेवर धरून बघा. प्रिंट १ सेंटिमीटर जवळ आली की ती पावणेदोन टक्क्यांनी मोठी दिसते, म्हणजे १८ सेंटिमीटरमागे ३ मिलिमीटर. हा फरक हात पुढेमागे करून भरून निघतो. कॅमेरा बाजूला सरकला तर मात्र सुटका नाही. लेन्स १ मिलिमीटर सरकली की प्रिंटच्या कडेला मागचं दृश्यही जवळजवळ १ मिलिमीटरच सरकतं. मोबाइलच्या पडद्यावर ते खपून जातं, ए-थ्री आकाराच्या प्रदर्शनी प्रिंटवर कमानीची रेघ तुटलेली दिसते.

मूळ फोटो त्याच फुलीवरून, त्याच उंचीवरून काढलेला असला पाहिजे. तो कोणत्या झूमवर काढला याने फरक पडत नाही. वस्तूंची एकमेकींशी मांडणी फक्त उभं राहण्याच्या जागेवर ठरते, झूम फक्त कापून मोठं करतो. जुना, दुसऱ्याने काढलेला फोटो वापरायचा असेल तर त्याची जागा हुडकावी लागते. फोटोत एकमेकांवर आलेल्या दोन गोष्टी निवडा, एक जवळची आणि एक लांबची, उदाहरणार्थ खांबाची कड आणि मागच्या खिडकीची चौकट. त्या तशाच जुळतील अशी एक रेषा जमिनीवर मिळते. वेगळ्या दिशेची दुसरी जोडी दुसरी रेषा देते. दोन रेषा छेदतात तिथे त्या छायाचित्रकाराचा कॅमेरा होता. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पायाखालची जागा केवळ दोन कडा जुळवून सापडावी, हे मला या प्रकारातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोकसपायी. प्रिंट ६० सेंटिमीटरवर आणि दरवाजा २० मीटरवर, आणि दोन्ही एकदम स्पष्ट हवे. नेहमीच्या डीएसएलआरच्या १८-५५ लेन्सवर झूम १८ मिलिमीटर आणि ॲपर्चर एफ/१६ ठेवून (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) फोकस १ मीटरवर दिला तर साधारण अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. एफ/११ वर हीच हद्द पाऊण मीटरवर जाते आणि प्रिंट बाहेर पडते. एफ/२२ वर भोक इतकं लहान होतं की प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे भोकाच्या कडेला वळून पसरण्याने, सगळंच थोडं मऊ पडतं. ५० मिलिमीटरवर तर हे जमतच नाही, तिथे एफ/१६ लाही हद्द ४ मीटरच्या आसपास राहते. बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर बदलता येत नाही. मोबाइल ट्रायपॉडवर बसवून एकदा प्रिंटवर आणि एकदा मागच्या दृश्यावर फोकस देऊन दोन फोटो घ्यावेत आणि नंतर जोडावेत. फोकस बदलला की चित्राचा आकारही किंचित बदलतो, म्हणून जोडण्याआधी दोन्ही एकमेकांवर बसवून घ्यावे लागतात.

प्रिंट मॅट कागदावरच काढा, ग्लॉसीवर आकाश चमकतं. ती ३ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (हलक्या, ताठ फोमच्या पाटीवर) चिकटवा, नाहीतर वाऱ्याने कागद फडफडतो. सनबोर्डची पांढरी कड फोटोत ठळक रेघ होऊन येते. कटर तिरपा धरून ती मागच्या बाजूला उतरती कापा आणि करड्या मार्करने रंगवा. बोर्ड कॅमेऱ्याला समांतरही हवा. तो ५ अंशांनी कलला तर वरची आणि खालची कड यांच्या आकारात अडीच टक्क्यांचा फरक पडतो आणि दरवाजा बसका किंवा निमुळता होतो. तपासण्याची युक्ती सोपी आहे. बोर्ड चौकटीच्या मधोमध धरा, त्याच्या मध्यावर चपटा छोटा आरसा टेकवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघा. आरशाच्या मधोमध लेन्स स्वतःलाच दिसली की बोर्ड सरळ.

प्रिंट घरी बघताना छान वाटते आणि जागेवर धरल्यावर भडक दिसते. कॅमेरा प्रत्येक फोटोला थोडा उठाव देतो. मूळ फोटोला तो एकदा मिळालेला असतो, आणि त्या फोटोचा पुन्हा फोटो काढला की दुसऱ्यांदा मिळतो. सावल्या काळ्या पडतात, उजेड फुटतो. म्हणून प्रिंट मुद्दाम फिकी, कमी कॉन्ट्रास्टची काढायची. हातात बघताना ती थोडी मळकट वाटली पाहिजे. शिवाय प्रिंटवर आणि दरवाजावर एकाच जातीचा उजेड हवा. दरवाजा उन्हात आणि प्रिंट झाडाखाली असेल तर प्रिंटवर फक्त आकाशाचा निळसर उजेड पडतो, आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची कॅमेऱ्यातली दुरुस्ती) कितीही फिरवला तरी दोन्ही एकदम ठीक होत नाहीत. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा.

माणूस भिंतीत विरवण्याच्या कलेचं ठळक नाव म्हणजे चीनचा ल्यू बोलिन. २००५ साली बीजिंगमधली सुओजिया ही कलावंतांची वस्ती पाडली गेली. त्याचा स्टुडिओ तिथेच होता. पाडलेल्या स्टुडिओसमोर तो स्वतःला रंगवून उभा राहिला आणि तिथून त्याची शहरात लपण्याची चित्रमालिका सुरू झाली. सहकारी त्याच्या अंगावरच्या कपड्यांवर रंग भरतात, तो तासन्‌तास निश्चल उभा राहतो. यात संगणकाची जोडजाड नाही.

यामागचं शास्त्र प्राण्यांवरून आलं. ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये मांडलं, की पुष्कळ प्राणी पाठीवर गडद आणि पोटाकडे फिके असतात, कारण उजेड वरून पडतो. वरचा भाग उजळतो, खालचा सावलीत जातो, आणि उलट रंगाने हा फरक पुसला जातो. गोलाई दिसेनाशी होते आणि अंग सपाट वाटतं. माळरानावरचा चिंकारा बघा, तोच हिशोब. हाच नियम बाहीला लागू होतो. दंडाची वरची बाजू भिंतीच्या रंगापेक्षा एक छटा गडद आणि खालची बाजू एक छटा फिकी रंगवा. भिंतीचा अचूक रंग सगळीकडे सारखा फासला की हात गोल नळीसारखा उठून दिसतो. ‘रंग तर तंतोतंत जुळवला होता’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

दुसरी गोष्ट ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९४० च्या आपल्या ग्रंथात दाखवली. काही बेडकांचे पाय दुमडलेले असताना मांडीवरचा पट्टा पोटरीवरच्या पट्ट्याशी अखंड जुळतो. डोळा पट्ट्यामागे जातो आणि पायाचा आकार हरवतो. रंगवताना विटांमधली सिमेंटची रेघ बाहीवरून छातीवर आणि तिथून दुसऱ्या बाहीवर न तुटता गेली पाहिजे. मधली चुणी, बगलेची फट, कॉलर, सगळं ओलांडून. विटेच्या पोतापेक्षा या रेघेला जास्त वेळ द्या.

रेघ मारायची कुठे, हे भिंतीकडे बघून ठरवता येत नाही. एकाने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत ‘वर, अजून वर, थांब’ सांगायचं आणि दुसऱ्याने शिंप्याच्या खडूने कपड्यावर खूण करायची. कॅमेरा भिंतीपासून ३ मीटरवर असेल आणि छाती भिंतीच्या २५ सेंटिमीटर पुढे असेल, तर छातीवरची वीट खऱ्या विटेपेक्षा ८ टक्के लहान काढावी लागते. २३ सेंटिमीटरची वीट २१ ची होते. लेन्सच्या उंचीवरची रेघ सरळ राहते. तिच्या अर्धा मीटर वरची रेघ मात्र छातीवर ४ सेंटिमीटर खाली उतरते आणि कुशीकडे पुन्हा चढते. बाजूने बघितलं तर कपड्यावर झोपाळ्यासारख्या वाकड्या रेघा दिसतात, लेन्समधून त्या सरळ होतात. कॅमेरा ६ मीटरवर नेला की ही सगळी तफावत निम्म्यावर येते. म्हणून पहिल्या प्रकल्पाला १८ मिलिमीटर लागते, तर इथे ५० किंवा त्याहून लांब लेन्स बरी.

सामान फार लागत नाही. जुना पांढरा सुती शर्ट आणि पायजमा, अर्धा लिटर पांढरा मॅट इमल्शन, रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्टेनरच्या (इमल्शनमध्ये मिसळायच्या दाट रंगाच्या) काळा, पिवळा, तांबडा अशा तीन बाटल्या, दोन चपटे ब्रश आणि स्पंज. फक्त कॅमेऱ्याकडची बाजू रंगवायची आहे. भिंतीचा रंग कपड्यांवर आणि डोक्यावरच्या टोपीवरच द्या. इमल्शन आणि ॲक्रिलिक त्वचेवर अजिबात लावायचे नाहीत. चेहरा आणि हातांसाठी पाण्याने धुतला जाणारा फेस पेंटच वापरा, आणि तोही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून तपासा.

ओला रंग जुळला म्हणून खूश होऊ नका. ॲक्रिलिक इमल्शन वाळल्यावर गडद होतं, कारण ओलं असताना त्यातलं बंधक (रंग धरून ठेवणारं द्रव्य) दुधाळ असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं. चिंधीवर फासून, पूर्ण वाळवून, भिंतीला टेकवून कॅमेऱ्यातूनच बघा. डोळ्याला एकसारखे दिसणारे दोन रंग सेन्सरला वेगळे दिसू शकतात, कारण डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आणि सेन्सरवरचे फिल्टर प्रकाश वेगवेगळा टिपतात. पांढरं कापड तसंच ठेवून चुन्याची भिंत दाखवायची असेल तर आणखी अडचण. धुण्याच्या पावडरीतली चकाकी देणारी द्रव्यं उन्हातले अतिनील किरण शोषून निळा उजेड फेकतात, आणि शर्ट भिंतीपेक्षा निळसर येतो. त्यावर रंगाचा हात फिरवावाच लागतो.

सावली हा शेवटचा शत्रू. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून भिंतीपासून १० सेंटिमीटरवरच्या कोपराची सावली जेमतेम मिलिमीटरभर पुसट असते, म्हणजे कापल्यासारखी. ती रंगाने झाकायला जावं तर दर चार मिनिटांना सूर्य एक अंश सरकतो. ढगाळ दिवस निवडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर असा उजेड फुकट मिळतो, पण सर आली तर काम संपलं. ओल्या भिंतीच्या छिद्रांत पाणी भरतं, प्रकाश आतच शोषला जातो आणि भिंत कपड्यापेक्षा गडद होते. कोरी, एकरंगी भिंतही टाळा, तिथे शरीराची कड दडायला जागाच नसते. पोस्टरची भिंत, दुकानातल्या भरलेल्या फळ्या, वेलबुट्टीची जाळी, अशी गर्दी हवी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. रस्त्याच्या कडेला किंवा फलाटाच्या टोकाला रंगवलेला माणूस उभा करू नये, तो फोटोबाहेरही लोकांच्या नजरेतून सुटू शकतो.

उभ्या माणसाचं शरीर नकळत डुलत असतं. सिमेंटची रेघ १ सेंटिमीटर जाड असेल, तर तेवढंच डुलणं ती तोडायला पुरेसं आहे. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवा, पावलांभोवती खडूने रेघ मारा, आणि श्वास सोडून थांबल्यावर सलग आठ-दहा फोटो घ्या. त्यातला एखादाच जुळतो. मग कॅमेरा सोडवून दोन पावलं बाजूला सरका आणि अजून एक फोटो काढा. रेघा मोडलेल्या, कमान सटकलेली, कोपर पुढे आलेलं, असा तो दिसेल. प्रकल्पाच्या वहीत तो पहिल्या फोटोशेजारी चिकटवा.