डोळे आलेत का कुसळ गेलंय, आधी ते बघा

सोयाबीनची रास सुरू झाली की आपल्याकडं गावात दोन तऱ्हेचे लाल डोळे दिसायला लागतात, आणि घरोघरी दोन्हीवर औषध एकच असतंय. गुलाबजल टाका, मध घाला, तुरटीच्या पाण्यानं धुवा, नाहीतर शेजारी कुणी बाळंतीण असेल तर तिच्या दुधाचे दोन थेंब मागून आणा. यातला एक लाल डोळा काही घातलं नाही तरी बरा होतो. दुसऱ्याची मात्र नजर जाऊ शकते. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, पहिल्यावर या उपायांचं नाव झालं म्हणूनच लोक ते दुसऱ्यावर वापरायला जातात.

पहिला म्हणजे साथीचे डोळे येणं. हे बहुतेक वेळा विषाणूमुळं होतं, त्यातही अ‍ॅडिनोव्हायरस जास्त. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर साथ आली होती तेव्हा सगळ्यांनीच बघितलंय, आधी एक डोळा लाल, दोन दिवसांत दुसरा, पाणी गळतंय, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या. असाच एक जास्त रक्ताळणारा प्रकार 1969 मध्ये आफ्रिकेतल्या घानात पहिल्यांदा दिसला, माणूस चंद्रावर उतरला तेच वर्ष म्हणून त्याला अपोलो रोग म्हणायला लागले. 1971 मध्ये तो भारतात पसरला तेव्हा बंगालमध्ये त्याचं नाव पडलं ‘जय बांगला’.

डोळे आलेल्या माणसाकडं बघितलं म्हणून आपले येत नाहीत. त्यानं डोळा पुसला, तोच हात मोबाईलला, दाराच्या कडीला, टॉवेलला लागला, तिथं आपला हात लागला आणि तो आपल्या डोळ्याला गेला, असा तो प्रवास आहे, आणि अ‍ॅडिनोव्हायरस कोरड्या जागेवर काही आठवडेसुद्धा टिकतो. म्हणून काळा गॉगल लावून साथ थांबत नाही, उजेडाचा त्रास कमी होतो एवढंच. विषाणूवर अँटिबायोटिकचा ड्रॉप चालत नाही. एक-दोन आठवड्यांत शरीरच त्याला हटवतं. आता पाचव्या दिवशी मध घातलेला असतो आणि सातव्या दिवशी डोळा निवळतो, मग श्रेय कुणाला जाणार? मधालाच की. थंड पाण्याची पट्टी, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसानं चिपडं पुसणं, टॉवेल आणि उशी वेगळी, आणि सारखे हात धुणं, एवढा घरगुती उपाय इथं खरोखर पुरतो. दुखणं वाढलं, उजेड सहन होईना, किंवा नजर धूसर झाली तर मात्र दाखवायचं.

दुसरा लाल डोळा मळणीचा. हडंब्यापुढं, म्हणजे मळणीच्या यंत्रापुढं, उभं राहिलं की सोयाबीनचा भुसा उडतो, ज्वारीचं कुसळ जातं, आणि आपल्या बीडकडचे ऊसतोडीला गेलेले लोक तर पाचटातच असतात, उसाचं पान सर्रकन डोळ्यावरून फिरतं. इथं ओळखायची खूण म्हणजे शक्यतो एकच डोळा, लागल्याचं आठवतंय, आणि टोचणं जास्त. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो आरपार दिसतो, पण त्यामुळंच जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथं पोचायला वेळ लागतो. वरचा थर शाबूत असला तर सहसा काही आत शिरत नाही. कुसळानं तो थर खरचटला की मातीतली, पिकावरची बुरशी, फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस असल्या, सरळ आत रुजते. पहिले दोन-चार दिवस नुसतं खुपतं, म्हणून माणूस काम सोडत नाही, मग बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. नंतर जी ‘फूल पडलं’ म्हणतात ती त्याचीच खूण राहते, कायमची.

अशा डोळ्यात मध, दूध, पाल्याचा रस म्हणजे खरचटलेल्या जागी जंतूंना खाऊ. गावात जिभेनं कुसळ काढून देणाऱ्या बाया असतात, त्यांची माया खरी आहे, पण तोंडातले जंतू त्या जखमेत जातात. टँकरच्या टाकीतलं पाणीही नको. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळा धुवायचा, चोळायचा नाही, निघालं नाही तर त्याच दिवशी दवाखाना. तिथं नारंगी रंगाच्या औषधाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतात, खरचटलेली जागा हिरवी चमकून उठते, दोन मिनिटांचं काम आहे.

लवकर जाण्यानं किती फरक पडतो ते नेपाळच्या भक्तपूरमध्ये दिसलंय. 2001 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात गावातल्याच आरोग्यसेवकांनी खरचटलेल्या डोळ्यात क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम 3 दिवस लावलं, आणि लागल्यापासून 18 तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं त्यातल्या एकालाही अल्सर, म्हणजे बुबुळावरची चिघळलेली जखम, झाला नाही. आपल्याकडं आशाताईंच्या पेटीत असं मलम आणि शिकवण पोचली तर किती डोळे वाचतील, मला तरी ही मागणी फार मोठी वाटत नाही. एकदा बुरशी रुजली की नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचा ड्रॉप सुरुवातीला तासातासाला घालावा लागतो, आठवडेच्या आठवडे.

आणि मेडिकलवर ‘लाल डोळ्याचा ड्रॉप द्या’ म्हणून मागू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लाली एका दिवसात उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. जास्त दिवस वापरलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूसुद्धा होतो.

सगळं जुनं चूक आहे असं अजिबात नाही. रांजणवाडी झाली की आजी तळहातावर बोट घासून गरम करून त्यावर टेकवायची, ते बरोबरच आहे, पापणीतल्या तुंबलेल्या ग्रंथीतलं तेल उबेनं पातळ होऊन निघतं. कोमट पाण्याची घडी 10 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, डोळा मिटून. फोडायची नाही. सारखी होत असेल तर शुगर तपासा.

तान्ह्या लेकराचं वेगळं आहे. नुसतं पाणी आणि थोडी चिपडं येत असतील, डोळा लाल झालेला नसेल, तर अश्रूंची नळी अजून उघडली नसते, नखं कापलेल्या बोटानं डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर हलकं दाबून खाली नाकाकडं चोळायचं, बहुतेकांची वर्षभरात उघडते. काजळ घालू नका, एकाच बोटानं सगळ्या लेकरांना काजळ घालण्यातून खुपऱ्या (ट्रॅकोमा, पापणीच्या आतल्या बाजूचा संसर्ग) पसरायच्या, आणि त्या भारतात आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिल्या नाहीत हे जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर करायला 2024 उजाडलं. पण पहिल्या महिन्यात पापण्या सुजून पिवळा पू येत असेल तर आईच्या दुधाचे थेंब घालून वाट बघत बसू नका, काही जंतू एक-दोन दिवसांत बुबुळाला भोक पाडतात. रात्र असली तरी निघा, अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज असो नाहीतर संभाजीनगरचा घाटी हा सरकारी दवाखाना, जे जवळ पडेल ते, आणि डोळ्यात आतापर्यंत काय काय घातलंय ते डॉक्टरला न लाजता सांगा.