नाक्यावर गाडी अडवली तर : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आम्ही गाड्यांचा विमा आणि आरटीओची कामं करतो. दिवेलागणीनंतर आमच्या ऑफिसला येणारे बरेचसे फोन एकाच कामाचे असतात. ‘नाक्यावर गाडी अडवलीय, आरसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाका.’ त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो, ‘काही चूक नसताना पोलीस गाडी अडवू शकतात का?’ दोन्हींची उत्तरं इथे लिहिली आहेत. हा कागद गाडीतच ठेवा.

आधी दुसरा प्रश्न. हो, अडवू शकतात. मोबाइलवर अमेरिकेतल्या पोलिसांचे व्हिडिओ फिरतात आणि ते बघून काही जण नाक्यावर ‘आधी संशय सांगा’ म्हणतात. नुसती कागदपत्रं बघायला वाटेल ती एखादी गाडी अडवायची नाही, संशयाला काही आधार हवा, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७९ साली दिला, हे खरं आहे. पण तो तिथला कायदा. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचं कोगनोळी असो की शिनोळी, आपल्याला लागू होतो तो मोटार वाहन कायदा, १९८८. त्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की चालकाने लायसन्स दाखवायचं. आरसी, विमा, पीयूसी आणि धंद्याची गाडी असेल तर फिटनेस व परमिट, यांच्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ आहे. कागद मागायला संशयाची अट कुठेही नाही. त्यामुळे ‘मलाच का अडवलं’ यावर हुज्जत घालून हाती काही लागत नाही.

कारण लागतं ते त्याच्या पुढे. श्वासाची तपासणी करायची तर चालक प्यायलेला असल्याचा सयुक्तिक संशय हवा, असं कलम २०३ सांगतं. गोव्याहून चोर्ला घाटातून रात्री परतताना गाडीत वास येत असेल, तर तेवढं कारण पुरतं. हद्द आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, म्हणून ‘थोडीच घेतली होती’ हे उत्तर होत नाही. गाडी जप्त करायचं कलम २०७. चालकाकडे लायसन्स नाही, तो वयात बसत नाही, गाडीची नोंदणी नाही किंवा परमिट नाही, असं मानायला कारण असेल तर पोलीस गाडी अडकवून ठेवू शकतात. लायसन्स ठेवून घेतलं तर कलम २०६ प्रमाणे त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते. ती मागून घ्या. ‘साहेब, कुठल्या कलमाखाली?’ हे शांतपणे विचारण्यात काहीच गैर नाही. कन्नड येत नसेल तर मराठीत विचारा, हिंदीत विचारा, पण आवाज चढवू नका.

आता फोटोचं. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. आरसीचा मोबाइलमधला फोटो म्हणजे आरसी नव्हे. झेरॉक्सचंही तसंच. नियम १३९ मध्ये कागद मूळ स्वरूपात किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतो, पण इलेक्ट्रॉनिक म्हणजे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये सरकारी नोंदीतून थेट आलेला. डिजिलॉकरमध्ये स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद वेगळ्या कप्प्यात बसतो, त्याची किंमत फोटोइतकीच. ‘इश्यूड’ या कप्प्यात दिसतो तोच खरा. ऑक्टोबर २०२० पासून नियम असा आहे की इलेक्ट्रॉनिक पडताळणीत कागद बरोबर निघाला, तर मूळ प्रत मागायची नाही. म्हणून आम्ही रात्री फोटो पाठवत नाही आणि ‘साहेबांशी बोला’ म्हटलं तरी फोनवर बोलत नाही. काही जणांना याचा राग येतो. पण आमच्या फोटोने सुटका होत नाही, उलट तुम्ही फोटोच्या भरवशावर राहता.

आपल्या भागात डिजिलॉकर अडतं ते नावामुळे. आधार कर्नाटकातलं, त्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. गाडी कोल्हापूरला घेतलेली, आरसीवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव पूर्ण. अ‍ॅपला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि आरसी येतच नाही. हे नाक्यावर उभं राहून दुरुस्त होत नाही, घरी बसून आधी बघा.

दुसरी अडचण जुन्या गाड्यांची. पैसे दिले, किल्ली घेतली, आरसी मात्र आधीच्या मालकाच्याच नावावर. कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करायची असते. चोरीचा संशय आलेली गाडी पोलीस ताब्यात घेऊ शकतात, आणि मालक भलताच निघाला की तो संशय यायला वेळ लागत नाही. मग खरेदीची पावती शोधत ठाण्यात बसावं लागतं.

एमएच पासिंगबद्दल थोडक्यात. चंदगडहून बेळगावला रोज कामाला येणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, पत्त्याचा पुरावा जवळ असू द्या. पण गाडी १२ महिन्यांहून जास्त कर्नाटकातच राहिली, तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला आजीवन करही आलाच. एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, मूळ आरटीओतून आणावी लागते, त्यासाठी उशीर करू नका.

आमच्याकडून विमा घेणाऱ्यांना आम्ही डिजिलॉकर आणि एमपरिवहन विनामूल्य लावून देतो, विमा आणि पीयूसी संपायच्या आधी आठवण करतो. नावाची दुरुस्ती, ट्रान्स्फर आणि एनओसीचं शुल्क वेगळं आहे. सरकारी फी किती आणि आमचे किती, हे पावतीवर सुटं लिहून मिळतं. येताना मूळ आरसी, आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा. ओटीपी त्याच नंबरवर येतो, म्हणून मुलाचा किंवा शेजाऱ्याचा फोन चालत नाही. सकाळच्या वेळी आलात तर बरं, दुपारनंतर आम्ही आरटीओच्या कामावर असतो.