पोहण्याच्या टाक्यातील शेवाळ व डाग

घरगुती पोहण्याच्या टाक्याच्या भिंतीवर किंवा तळावर दिसणारा रंगीत थर जिवंत आहे, की खनिजांमुळे अथवा पानांतील रंगद्रव्यामुळे पडलेला डाग आहे, हे ओळखण्याची रीत. विदर्भाच्या ग्रामीण भागात अशी टाकी बहुधा शेतातील घरालगत बांधलेली आढळतात. त्यांना सिमेंटचा गिलावा असतो, पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असते व उपसलेले पाणी पुष्कळदा बागेला दिले जाते. गाळणयंत्र असले, तरी शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच मिळत असल्याने ते अखंड चालत नाही. ओळख अचूक होणे अत्यंत आवश्यक आहे, कारण शेवाळावरील व धातूंच्या डागांवरील उपाय परस्परविरोधी आहेत : जो क्लोरीन शेवाळ मारतो, तोच लोह व मँगनीज यांचे डाग अधिक गडद व पक्के करतो.

शेवाळ हा शब्द संस्कृत ‘शैवाल’, ‘शैवल’ यांवरून आला असून शास्त्रीय लेखनात ‘शैवल’ हे रूप रूढ आहे. टाक्यात हिरवे, पिवळसर व काळे असे त्याचे तीन प्रकार मानतात. त्यांपैकी काळ्या शेवाळाचे वर्गीकरण दीर्घकाळ वादाचे राहिले. फॉर्मिडियम, ऑसिलेटोरिया यांसारखे हे तंतुमय सजीव पूर्वीच्या ग्रंथांत नील-हरित शैवले म्हणून येतात; भारतातील या गटावरील टी. व्ही. देशिकाचारी यांचा १९५९ मधील प्रमाणग्रंथही त्यांना शैवलांतच धरतो. त्यांच्या पेशींत सुस्पष्ट केंद्रक नसल्याने आर. वाय. स्टॅनियर व सी. बी. व्हान नील यांनी १९६२ मध्ये त्यांचा जीवाणूंशी असलेला सारखेपणा ठामपणे मांडला आणि १९७८ मध्ये स्टॅनियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे नामकरण जीवाणूंच्या नियमावलीखाली आणण्याची सूचना केली. वनस्पतिशास्त्रीय परंपरेने जुने नाव सोडलेले नाही. तथापि पेशीची रचना पाहता जीवाणू हेच स्थान अधिक ग्राह्य वाटते. टाक्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा, की या तंतूंभोवती चिकट आवरण असते व ते गिलाव्याच्या बारीक छिद्रांत शिरलेले असतात. त्यामुळे काळा ठिपका साध्या घासणीने निघत नाही आणि तो डागच असावा असा समज होतो.

शेवाळ मारण्यासाठी टाक्यात टाकल्या जाणाऱ्या मोरचुदाचा (कॉपर सल्फेट, तांब्याचे संयुग) येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. पाणीपुरवठ्याच्या जलाशयांतील शेवाळ मोरचुदाने मारण्याची पद्धत जी. टी. मूर व के. एफ. केलरमन यांनी १९०४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. त्याआधी, साधारणतः १८८५ च्या सुमारास, फ्रान्समध्ये पी. ए. मिलार्दे यांनी द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण पुढे आणले होते. वऱ्हाडातील व नागपूरकडील संत्रा बागाईतदाराच्या घरी मोरचूद असते ते या दुसऱ्या परंपरेमुळे. एक टक्का बोर्डो मिश्रणास १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना लागतो. टाक्यात पडणारी मोरचुदाची मूठ जलाशयांच्या शास्त्रापेक्षा बागेच्या कोठारातूनच येत असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. जड व अल्कधर्मी पाण्यात तांबे विरघळलेले राहत नाही. त्याचा निळसर हिरवा साका भिंतीवर बसतो. तो शेवाळासारखा दिसल्याने पुन्हा मोरचूद टाकले जाते आणि डाग वाढतो.

परीक्षेचा आरंभ ब्रशने करतात. हिरवे शेवाळ हाताला बुळबुळीत लागते व घासताच पाण्यात हिरवा ढग उठतो. पिवळसर शेवाळ सावलीच्या बाजूला धुळीसारखे बसते, सहज उडते आणि दोन-तीन दिवसांत त्याच जागी परतते. धातूचा डाग घासल्याने हलत नाही, पाणी गढूळ करीत नाही व बोटाला खरखरीत किंवा अगदी सपाट लागतो. जागाही बोलकी असते : शेवाळ कोपरे, पायऱ्या व पाणी स्थिर राहणारे भाग धरते, गंजाचा डाग मात्र गिलाव्याखालील सळईच्या किंवा बांधणीच्या तारेच्या टोकाभोवती पसरतो.

ब्रशने निर्णय न झाल्यास दोन पुरचुंड्यांची परीक्षा उपयोगी पडते. ब्लीचिंग पावडर जाड कापडात बांधून पाण्याखाली एका ठिपक्यावर काही मिनिटे दाबून धरावी. रंग फिका झाला, तर तो शेवाळाचा किंवा पानाचा असतो. दुसऱ्या ठिपक्यावर क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पूड तशीच धरावी. तपकिरी रंग नाहीसा होऊन खालचा पांढरा गिलावा गोल उघडा पडला, तर डाग लोहाचा समजावा. येथे न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचे विद्राव्य फेरस लोहात रूपांतर होते. हीच परीक्षा लिंबूसत्त्वानेही करता येते. मात्र आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कोणत्याही भांड्यात किंवा कापडात एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. प्लॅस्टिकच्या अस्तराच्या टाक्यात ब्लीचिंगची पुरचुंडी व तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य आहेत.

डागांचे स्वरूप पाण्याच्या उगमानुसार बदलते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या काही भागांत, भूजल क्षारयुक्त आहे. उन्हाळ्यात पाणी आटते, क्षार मागे राहतात व पाण्याच्या रेषेवर पांढरा पट्टा जमतो. सौम्य आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसतो. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतून मँगनीजच्या खनिजाचा पट्टा जातो. पाण्यात मँगनीज असल्यास क्लोरीन टाकल्यावर ते लोहापेक्षा सावकाश गडद होते, म्हणून काळसर जांभळा थर काही दिवसांनी उमटतो व काळे शेवाळ म्हणून त्यावर क्लोरीनचा आणखी मारा होतो. शेवाळाचे ठिपके सुटे व किंचित उठावाचे असतात, मँगनीजचा थर पसरट असतो. लोहाचा संशय असल्यास बोअरचे ताजे पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन चिमूटभर ब्लीचिंग पावडर घालावी व रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी तळाशी तपकिरी गाळ दिसला, की टाके भरण्यापूर्वीच उत्तर मिळते.

पानांचे डाग हा पूर्व विदर्भातील वेगळा प्रकार होय. सागाचे पान तळाशी एक-दोन दिवस राहिले, की उचलल्यानंतर त्याच्या शिरांसकट तांबूस ठसा मागे दिसतो; सागाचे कोवळे पान चोळल्यावर मुलांचे तळहात लाल होतात, तसेच रंगद्रव्य येथेही उतरते. हा ठसा क्लोरीनने व उन्हाने फिका पडतो. उन्हामुळे क्लोरीनही वेगाने नष्ट होतो. क्लोरीनला उन्हापासून जपणारे संरक्षक द्रव्य पाण्यात नसल्यास भर उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन निघून जातो. म्हणून शेवाळावरील मात्रा सूर्यास्तानंतर देणे इष्ट ठरते.

एकाच ठिकाणी दोन्ही असणे दुर्मीळ नाही. क्षाराच्या खडबडीत थराला शेवाळ घट्ट धरते व त्याखाली गंजही असू शकतो. अशा वेळी आधी घासून व क्लोरीन देऊन शेवाळ काढावे, क्लोरीन उतरू द्यावा आणि उरलेल्या रंगावर क जीवनसत्त्वाची परीक्षा नव्याने करावी.