धीर मेंदूत कसा तयार होतो?

'एका दिवसात आतली शक्ती जागवा' अशा जाहिराती नागपुरातही दिसतात. काही शिबिरांत तर निखाऱ्यांवरून चालवतात. लाकडी कोळसा उष्णतेचा मंद वाहक असतो आणि पाऊल सेकंदभरही टेकत नाही, म्हणून भराभर चालणाऱ्याचे तळवे सहसा वाचतात. मनोबलाचा त्यात संबंध नाही. थबकलात तर भाजणारच.

धीर येतो म्हणजे भीती पुसली जाते, हाही गैरसमजच. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांत एका खुणेनंतर खाणं मिळतं हे शिकलेल्या कुत्र्यांना नुसत्या खुणेनेच लाळ सुटायची. खूण दाखवूनही खाणं वारंवार दिलं नाही, तेव्हा ती लाळ थांबली. काही वेळाने त्याच खुणेला ती पुन्हा सुटली. जुनी नोंद शाबूत होती! भीतीचंही तसंच. अमिग्डाला या मेंदूतल्या बदामाएवढ्या भागातली धोक्याची नोंद टिकून राहते. 'इथे काही होत नाही' अशी दुसरी नोंद नव्याने तयार होते आणि कपाळामागच्या मेंदूचा आतला, मधला भाग तिच्या आधारे अमिग्डालाला आवर घालतो. ही दुसरी नोंद जागेला बांधलेली असते. कुठे आहोत ही माहिती हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा दुसरा एक भाग पुरवतो. म्हणूनच घरी आरशासमोर खणखणीत बोलणारी मुलगी कॉलेजच्या सेमिनारमध्ये गप्प होते.

नवी नोंद पक्की होते ती अंदाज चुकल्यावर. बोलण्याआधी कागदावर लिहा: 'मी अडखळेन, सगळे हसतील', आणि भीतीला 0 ते 100 पैकी आकडा द्या. साधारण 40 च्या प्रसंगापासून सुरुवात करा. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, अनोळखी माणसाला पत्ता विचारणं, अभ्यासिकेत दोघांना एखादा धडा समजावणं, मग वर्गात प्रश्न, शेवटी पाच मिनिटांचं भाषण. प्रत्येक वेळी नंतर लिहा, खरोखर काय झालं. जागा आणि माणसं मुद्दाम बदला.

फसतं ते दोन ठिकाणी. छातीत धडधड वाढली की माणूस उठून जातो. लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि मेंदू पळून जाणंच शिकतो. दुसरी चूक जास्त लपलेली आहे. चिठ्ठी पाहून वाचणं, नजर टाळणं, वऱ्हाडी बोली दाबून पाठ केलेली वाक्यं म्हणणं. या कुबड्या घेऊन भाषण पार पडलं तरी मेंदू श्रेय कुबड्यांनाच देतो. आपण आहोत तसे बोललो तर लोक ऐकतात का, याची परीक्षाच होत नाही. म्हणून एकेक कुबडी सोडा. आधी चिठ्ठी, मग पाठांतर. आपल्या बोलीत, आपल्या आवाजात उभं राहून जे उमगतं, ते कोणतंही शिबिर देऊ शकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर भीती परतली तर घाबरू नका, ती जुनीच नोंद आहे. दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरू करा. मोठा आघात किंवा वारंवार येणारे भीतीचे झटके असतील, तर मात्र हे एकट्याने करू नये. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.