सलग हारजीत (ब्लॅकजॅक)

ब्लॅकजॅक या, पानांची बेरीज एकवीसच्या आत पण शक्य तितकी जवळ नेण्याच्या, पत्त्यांच्या जुगारात एकाच खेळाडूने लागोपाठ अनेक डाव जिंकणे किंवा हरणे. हौशी खेळाडू अशा लागोपाठ निकालांवरून नशिबाचा कल ठरवतात आणि त्यानुसार पैज वाढवतात किंवा आखडतात. संभाव्यताशास्त्राचा याला आधार नाही.

खेळाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये लोकप्रिय असलेला ‘व्हँतेअं’ (म्हणजे ‘एकवीस’) हे त्याचे मूळ, असे पूर्वी मानले जाई. तथापि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसच्या १६१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिंकोनेते आणि कोर्तादियो’ या कथेतला भुरटा पोरगा एकवीसच्या खेळातली आपली हातचलाखी वर्णन करताना एक्का एकही धरता येतो आणि अकराही, त्यामुळे पहिले पान एक्काच येणार हे ज्याला ठाऊक त्याचा पैसा घरातच राहतो, असे सांगतो. एक्क्याचा हा नियम आजही तसाच आहे. कथेचा उल्लेख त्याच्याच १६०५ च्या ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीत येत असल्याने ती त्यापूर्वी लिहिली गेली असावी. त्यामुळे स्पॅनिश उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

खेळाचे शास्त्रशुद्ध गणित बरेच उशिरा झाले. बाल्डविन, कँटी, मेझेल व मॅकडरमट या अमेरिकी लष्करातील चौघांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून पान केव्हा घ्यावे व केव्हा थांबावे, याची इष्टतम पद्धत १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीने खेळल्यास १०० डावांपैकी ढोबळमानाने ४३ जिंकले जातात, ४९ हरले जातात व उरलेले बरोबरीत सुटतात. एक्का व दहा गुणांचे पान या जोडीला दीडपट मिळणारी रक्कम आणि दुप्पट पैजेची मुभा यांमुळे अनुकूल नियमांत कॅसिनोची सरशी (पैजेच्या रकमेतून त्याला सरासरी सुटणारा वाटा) अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. दीडपटीऐवजी पाचास सहा दराने पैसे देणाऱ्या टेबलावर ती सुमारे १·४ टक्क्यांनी वाढते.

बरोबरीचे डाव वगळता हरण्याची शक्यता साधारण ५३ टक्के धरली, तर पुढचे सहाच्या सहा डाव हरण्याची शक्यता २ टक्क्यांहून किंचित अधिक येते. दहा डावांसाठी ती सुमारे ६०० त एक आहे. मात्र शंभर निकाली डावांच्या बैठकीत सहा-सात हारींची एक तरी रांग अपेक्षितच असते, जितीची थोडी लहान. प्रत्येक डावाला ५०० रुपये लावणाऱ्याचा शंभर डावांतील सरासरी तोटा २५० रुपयांच्या घरात राहतो. परंतु प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती दूर पसरतात याचे माप) पैजेच्या साडेअकरा पटींच्या जवळपास असल्याने बैठकीअखेर पाच-सहा हजारांनी वर किंवा खाली असणे नेहमीचेच. खेळाडूच्या लक्षात राहतात त्या याच बैठका.

डाव परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असतात, असे मात्र म्हणता येत नाही. वाटलेली पाने पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाहीत. एक्के व दहाची पाने संपत गेली की उरलेली पाने कॅसिनोला अनुकूल होतात. अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील आयबीएम ७०४ संगणकावर हा परिणाम मोजला आणि १९६२ च्या आपल्या ग्रंथात पाने मोजण्याची पद्धत मांडली. काही खेळाडू थॉर्प यांच्या गणिताचा आधार घेऊन रांगेलाही अर्थ असतो असे सांगतात. हा युक्तिवाद टिकत नाही. माहिती उरलेल्या पानांत असते, निकालांत नव्हे. उलट जिंकलेल्या डावांत मोठी पाने अधिक खर्ची पडत असल्याने जितीनंतरचा डाव, झालाच तर, किंचित प्रतिकूल असतो. सहा-आठ कॅट एकत्र पिसले जातात तेथे हा फरक नगण्य ठरतो.

हरल्यावर पैज दुप्पट करण्याची ‘मार्टिंगेल’ पद्धत अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये रूढ होती. १०० रुपयांपासून सुरुवात केल्यास सहा हारींत ६,३०० रुपये जातात, सातव्या डावाला ६,४०० लावावे लागतात आणि टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. ‘आता जीत यायलाच हवी’ या समजुतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण रूलेटचे, म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू टाकण्याच्या जुगाराचे, आहे : १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोनॅकोतील माँटे कार्लो येथे चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला आणि लाल रंगावर पैसे लावत राहिलेल्यांचे मोठे नुकसान झाले.

गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या होऊन जहाजांवरील टेबलखेळांना परवानगी मिळाली. पणजीजवळ मांडवी नदीतील कॅसिनोंमध्ये ब्लॅकजॅक खेळला जातो. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो अधिनियम अंमलात आलाच नाही. तो रद्द करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला.