जोडपे-इमोजी, सर्वसमावेशक

लिंग किंवा वर्ण यांवरून कोणालाही न वगळता दोन व्यक्तींमधील जवळीक दाखवणारी इमोजी चिन्हे. हात धरलेली जोडी, मधोमध हृदय असलेली जोडी आणि चुंबन घेणारी जोडी हे त्यांचे मुख्य प्रकार. पहिला प्रकार मित्र-मैत्रिणी व भावंडांसाठीही चालतो. उरलेले दोन प्रेमाचेच मानले जातात.

या चिन्हांचा आरंभ कोठून धरावा याविषयी दोन मते संभवतात. जोडप्यांची जुनी चित्रे जपानी मोबाइल कंपन्यांच्या संचांतली. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला व चिन्हाला संकेतांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या) ६.० आवृत्तीत ती प्रमाणित झाली, तेव्हा हात धरलेल्या स्त्री-पुरुषांबरोबर दोन पुरुष आणि दोन स्त्रिया यांनाही स्वतंत्र संकेतांक मिळाले. त्यामुळे २०१० हे वर्ष सांगता येते. मात्र हृदय आणि चुंबन यांची गोष्ट वेगळी आहे. ‘हृदयासह जोडपे’ व ‘चुंबन’ या अर्थाच्या त्यांच्या अधिकृत नावांत लिंगाचा उल्लेख नव्हता, तरी बहुतेक कंपन्यांनी तेथे स्त्री आणि पुरुषच रेखाटले. नियमाने मोकळी ठेवलेली जागा चित्रकारांनी आपल्या सवयीने भरली. समलिंगी जोडप्यांना प्रेमाचे निःसंदिग्ध चिन्ह आयफोनच्या आयओएस ८.३ या प्रणालीत, एप्रिल २०१५ च्या सुमारास मिळाले. तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

यासाठी नवे संकेतांक घेतले नाहीत. आधीची चिन्हे ‘शून्य-रुंदी जोडक’ या अदृश्य वर्णाने सांधली. (काही टंकनपद्धतींत ‘वाऱ्या’तला अर्धा र याच जोडकाने उमटतो.) दोन स्त्रियांच्या चुंबनात एकूण ८ संकेत असतात: स्त्री, जोडक, हृदय, हृदयाचे रंगीत रूप मागणारा निवडक, जोडक, ओठांचा ठसा, जोडक, स्त्री. जुन्या फोनवर हीच साखळी स्त्री, हृदय, ओठ, स्त्री अशी सुटी दिसते. तरीही अर्थ बराचसा पोहोचतो, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. हृदय व चुंबनाच्या स्त्री-पुरुष जोडीत शिफारस केलेल्या क्रमानुसार स्त्री आधी येते.

त्वचेच्या ५ छटा युनिकोड ८.० मध्ये (२०१५) आल्या. त्वचारोगशास्त्रातील फिट्झपॅट्रिक श्रेणी हा त्यांचा आधार. जोडप्यांना मात्र वाट पाहावी लागली, कारण दोघांच्या छटा वेगळ्या धरल्यास एका जोडीच्या २५ आवृत्त्या होतात. हात धरलेल्या जोड्यांना भिन्न छटा आणि लिंगनिरपेक्ष रूप युनिकोडच्या इमोजी-संचाच्या १२.० या आवृत्तीने (२०१९) दिले. हृदय आणि चुंबन यांना छटा १३.१ मध्ये (२०२०) मिळाल्या. त्या आवृत्तीतील २१७ नव्या चिन्हांपैकी २०० याच जोडप्यांची होती. आंतरवर्णीय जोडप्यांच्या दृष्टीने ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

विरोधही झाला. २०१६ मध्ये इंडोनेशियाच्या शासनाने संदेश-अ‍ॅप्सना समलिंगी जोडप्यांची चिन्हे काढण्यास सांगितले आणि लाइन या अ‍ॅपने तशी स्टिकर्स तेथील दुकानातून हटवली.

कुटुंबाच्या चिन्हांबाबत वेगळा मार्ग पत्करला गेला. तीन-चार माणसांच्या छटा जुळवू गेल्यास संख्या हजारांत जाते, म्हणून इमोजी १५.१ मध्ये (२०२३) लिंग व वर्ण न दाखवणाऱ्या चार छायाकृती आल्या.